कारखान्यात डिजिटल तंत्रज्ञान आणि ऑटोमेशन: नेमकं काय बदलतंय, आणि सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आहे: "आमच्या मशीन शॉपमध्ये जुनी-नवी मिळून बरीच यंत्रं आहेत. काही सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी), बाकीची हाताने चालवायची. रोबो, सेन्सर, एआय, डिजिटल ट्विन हे शब्द रोज कानावर पडतात. यातून कारखान्यात खरोखर काय बदलतं? जुनी यंत्रं सगळी काढावी लागतील का? आणि इतकी वर्षं काम करणाऱ्या माणसांचं काय?"

माझं काम कंट्रोल पॅनेल, पीएलसी (यंत्रांना ठरलेल्या क्रमाने चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) आणि लाईन ऑटोमेशनचं आहे. आधी माझं मत सांगतो, मग त्यामागची कारणं. यंत्र आपोआप चालणं हा या बदलातला लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे यंत्रावर काय बिघडतंय ते बिघडत असतानाच कळणं, आणि त्यावर काय करायचं हे तिथेच, त्याच शिफ्टमध्ये ठरवता येणं. ठरवण्याची पद्धत जुनीच राहिली तर सेन्सर आणि रोबोवर घातलेला पैसा बराचसा पाण्यात जातो.

हे याआधी एकदा मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या कारखान्यात छताखालून एक लांब शाफ्ट फिरायचा. त्याच्या पुलींवरून पट्टे खाली उतरायचे आणि प्रत्येक यंत्र त्या पट्ट्यावर चालायचं. कुठलं यंत्र कुठे ठेवायचं हे शाफ्ट ठरवायचा, मालाच्या सोयीचा विचार त्यानंतर. १८८० च्या दशकात वीज विकत मिळायला लागली तेव्हा अनेक कारखान्यांनी इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटर बसवली. शाफ्ट तोच, पट्टे तेच, यंत्रांची मांडणी तीच. फायदा झाला, पण बेताचाच. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली, यंत्रं कामाच्या क्रमाने मांडता आली, इमारती एकमजली आणि उजेडाच्या झाल्या, आणि मग उत्पादकता खऱ्या अर्थाने वाढली. अमेरिकेत हे चित्र १९२० च्या दशकात दिसलं, म्हणजे वीज येऊन चाळीसेक वर्षं उलटल्यावर. आज जिथे यंत्राचा डेटा दर सेकंदाला सर्व्हरवर जातो, पण सुपरवायझरला तो दुसऱ्या दिवशी दुपारच्या मीटिंगमध्ये एक्सेलमधून दिसतो, तिथे मोटर नवी आली आहे आणि शाफ्ट अजून जुनाच फिरतो आहे.

इतिहासातल्या आणखी एका गोष्टीवर थोडं थांबतो. पंच केलेल्या टेपवर चालणारं मिलिंग मशीन एमआयटीने १९५२ मध्ये दाखवलं. पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात डाय कास्टिंगचे (वितळलेला धातू साच्यात दाबून बनवलेले) तापलेले भाग उचलायला लागला. या दोन्ही गोष्टी बऱ्याच जणांना माहीत असतात. पण शॉपफ्लोअर ज्याने सर्वांत जास्त बदललं तो पीएलसी मात्र पॅनेलच्या दाराआड राहतो. त्याआधी लाईनचं सगळं नियंत्रण रिलेंवर (विजेने उघड-बंद होणाऱ्या स्विचवर) असायचं. मॉडेल बदललं की रिलेंच्या भिंतीएवढ्या पॅनेलचं वायरिंग उकलून पुन्हा करायचं, त्यात आठवडे जायचे. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने यावर उपाय मागितला आणि अभियंते डिक मॉर्ली यांच्या गटाने मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी तयार केला. वायर बदलण्याऐवजी प्रोग्रॅम बदला, इतकी साधी कल्पना. त्याची भाषा त्यांनी मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली, तीच लॅडर लॉजिक. त्यामुळे पॅनेलवर आयुष्य घालवलेला इलेक्ट्रिशियन ती वाचू शकला. माझ्या मते पीएलसी इतका पसरला त्याचं निम्मं श्रेय या निर्णयाला आहे. नवं तंत्र जागेवरच्या माणसाला वाचता आलं पाहिजे, ही अट त्यांनी पहिल्यापासून पाळली. आज डॅशबोर्ड बनवणारे अनेक जण ती पाळत नाहीत, आणि मग तो डॅशबोर्ड फक्त पाहुण्यांना दाखवण्यापुरता उरतो.

जर्मनीत २०११ च्या हॅनोव्हर प्रदर्शनात 'इंडस्ट्री ४.०' हे नाव पुढे आलं. त्याच सुमारास सेन्सर स्वस्त झाले होते, नेटवर्क सगळीकडे पोचलं होतं आणि मोठी गणितं करणारा संगणक तळहाताएवढ्या डब्यात मावायला लागला होता. नवं आहे ते इतकंच. पण त्याचे परिणाम खोल आहेत, म्हणून एक उदाहरण जवळून बघू.

एक सीएनसी लेथ घ्या. शिफ्ट ४८० मिनिटांची, एका जॉबचा (म्हणजे यंत्रावर बनणाऱ्या एका भागाचा) ठरलेला सायकल टाइम २ मिनिटं. कागदावर २४० जॉब निघायला हवेत, निघाले १४४, त्यातले चांगले १४०. रजिस्टरमध्ये लिहिलंय, 'ब्रेकडाउन ३० मिनिटं'. ३० मिनिटांत १५ जॉब जातात. मग बाकीचे ८१ गेले कुठे? हा प्रश्न विचारला की ऑपरेटर, प्लॅनिंग आणि मेन्टेनन्स एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि तिघंही आपापल्या जागी खरंच बोलत असतात. आता मशीनच्या टॉवर लाइटवरून (मशीन चालू की बंद ते दाखवणाऱ्या दिव्यावरून) आणि जॉब फिरवणाऱ्या स्पिंडल मोटरच्या करंटवरून सिग्नल घ्या. दिसतं असं की मशीन एकूण ९६ मिनिटं बंद होतं. त्यात ३० मिनिटांचा ब्रेकडाउन एकच, उरलेली ६६ मिनिटं सेटिंग, इन्सर्ट (धातू कापणारं छोटं, बदलता येणारं पातं) बदलणं आणि क्वालिटीकडून पहिल्या जॉबला होकार येण्याची वाट पाहणं यात गेली. राहिली ३८४ मिनिटं. त्यात १९२ जॉब व्हायला हवे होते, झाले १४४. म्हणजे मशीन 'चालू' असतानाही मधेमधे अर्धा मिनिट, एक मिनिट थांबत होतं किंवा फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) कमी करून चाललं होतं. कारण बहुतेकदा क्षुल्लक असतं. चिप्स (कापताना निघणारी धातूची कात्रणं) गुंडाळल्या जातात, म्हणून ऑपरेटर दर थोड्या वेळाने दार उघडून हुकने त्या ओढतो. हे कोणी रजिस्टरमध्ये लिहीत नाही, कारण त्याला ते थांबणं वाटतच नाही, रोजचं काम वाटतं.

हिशोब करा: १४० चांगले जॉब म्हणजे २८० मिनिटांचं काम, ४८० मिनिटांत. ओईई, म्हणजे यंत्राच्या वेळेपैकी चांगल्या मालात उतरलेला हिस्सा, ५८ टक्क्यांच्या आसपास. हे मोजमाप सेइची नाकाजिमा यांनी टीपीएमबरोबर (सगळ्यांनी मिळून यंत्रांची निगा राखण्याच्या पद्धतीबरोबर) रूढ केलं आणि ८५ टक्के ही त्यातली उत्तम पातळी मानली जाते. आता सांगा, या लेथला रोबो लावला असता तर काय झालं असतं? चिप्स तशाच गुंडाळल्या गेल्या असत्या आणि हुक घेऊन उभा राहणारा माणूस तिथे नसता. रोबोने चिप्सवरच जॉब बसवला असता. उपाय होता चिप-ब्रेकर असलेला इन्सर्ट, थोडा वाढवलेला फीड, कूलंटच्या नोझलची दिशा. एकूण खर्च किरकोळ. डेटाने हे काम केलं नाही, पण कुठे बघायचं ते दाखवलं. माझ्या अनुभवात पहिला मोठा फायदा जवळजवळ नेहमी इथूनच येतो, आणि त्यासाठी एआय लागत नाही.

पुढची पायरी मोजमापाची. बाहेरच्या व्यासाचं टर्निंग करताना इन्सर्ट झिजत जातो तसा व्यास हळूहळू वाढतो. पूर्वी ऑपरेटर दर काही जॉबनंतर मायक्रोमीटर लावायचा आणि अंदाजाने ऑफसेट (हत्याराच्या जागेत बारीक दुरुस्ती) द्यायचा. आता मशीनच्या बाहेर गेज बसवून प्रत्येक जॉब मोजता येतो आणि ऑफसेट आपोआप देता येतो. इथे एक चूक फार जागी दिसते: प्रत्येक जॉबच्या मापावर लगेच दुरुस्ती देणं. एखादा जॉब ३ मायक्रॉन मोठा आला तर तो झिजेमुळे असेलच असं नाही, मोजण्यातला आणि पकडण्यातला नेहमीचा चढउतार असतो. त्यावर दर वेळी ऑफसेट हलवला तर माप स्थिर व्हायच्या ऐवजी आणखी भटकतं. म्हणून काही जॉबची सरासरी घ्यावी, कल स्पष्ट दिसला तरच दुरुस्ती द्यावी, आणि तीही पूर्ण नव्हे, काही हिश्शाने. शिवाय तापमान. ॲल्युमिनियमचा १०० मिलिमीटरचा भाग १० अंशांनी गरम असेल तर सुमारे २३ मायक्रॉन मोठा मोजला जातो, पोलाद त्याच्या निम्म्याने. मशीनमधून नुकताच निघालेला कोमट जॉब मोजून ऑफसेट देणारी यंत्रणा मोठ्या अचूकतेने चुकीचं काम करते. जुना सेटर (मशीन कामासाठी जुळवून देणारा कारागीर) मात्र जॉब हातात घेतो, 'जरा निवू दे' म्हणतो आणि मगच मोजतो. ते ज्ञान प्रोग्रॅममध्ये उतरवणं हेच खरं डिजिटायझेशन.

बिघाड आधी ओळखण्याबद्दल, म्हणजे प्रेडिक्टिव्ह मेन्टेनन्सबद्दल, लोकांच्या अपेक्षा फार आणि तयारी कमी असते. १५०० आरपीएमची मोटर म्हणजे सेकंदाला २५ फेरे. तिच्यात ६२०५ नंबरचं बेअरिंग असेल आणि बाहेरच्या रिंगला खड्डा पडला असेल तर त्या खड्ड्यावरून गोळ्या सेकंदाला सुमारे ९० वेळा जातात. शिवाय बिघाड कोवळा असताना तो काही हजार हर्ट्‌झच्या कंपनात दिसतो. आता तुमची यंत्रणा दर सेकंदाला एक वाचन घेत असेल तर त्यात हे दिसणार कसं? वर्षभराचा डेटा साठवला तरी त्यात ती माहिती नसते आणि कितीही हुशार अल्गोरिदम ती उकरून काढू शकत नाही. उपाय असा की सेन्सरने दिवसातून काही वेळा, काही सेकंदांपुरतं, सेकंदाला हजारो वाचनांच्या वेगाने कंपन टिपावं, त्याचं विश्लेषण मशीनजवळच्या डब्यात व्हावं आणि वर फक्त निष्कर्ष जावा. मोजताना मोटर त्याच वेगावर आणि त्याच लोडवर असावी, नाहीतर आजचं कालशी ताडता येत नाही. सगळ्या मोटरींना हे लावूही नये. जी बंद पडली की अख्खी लाईन बसते, आणि जिचा स्पेअर यायला वेळ लागतो, तिलाच लावावं. बाकीच्यांना वेळेवर ग्रीस आणि बरोबर अलाइनमेंट पुरतं.

कॅमेऱ्याने तपासणी आणि एआय यांवर सविस्तर लिहायला हवं, कारण सध्या सर्वांत जास्त पैसा तिथे चुकीच्या क्रमाने खर्च होतो. क्रम असा असावा: आधी प्रकाश, मग लेन्स, मग कॅमेरा, आणि शेवटी सॉफ्टवेअर. चकचकीत पृष्ठभागावरचा ओरखडा समोरून टाकलेल्या उजेडात दिसतच नाही. उजेड अगदी तिरका, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाकला की पार्श्वभूमी काळी पडते आणि ओरखडा पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. बाहेरची कड मोजायची असेल तर उजेड जॉबच्या मागून हवा. खिडकीतून येणारं संध्याकाळचं ऊन कॅमेऱ्यावर पडलं तर ठरावीक वेळेला रिजेक्शन वाढतं आणि दोन दिवस लोक अल्गोरिदममध्ये दोष शोधत बसतात. कॅमेऱ्याभोवती एक साधं झाकण केलं की प्रश्न मिटतो.

आता एआयचा हिशोब. समजा हजारात एक जॉब खराब असतो. तुमचं मॉडेल शंभरातले ९९ खराब जॉब पकडतं आणि चांगल्यातल्या शंभरापैकी एकालाच चुकून खराब म्हणतं. ऐकायला उत्तम आहे. १०,००० जॉब गेले. त्यात १० खराब, ते बहुधा सगळे पकडले गेले. पण ९,९९० चांगल्यांपैकी सुमारे १०० बाहेर फेकले गेले. रिजेक्शनच्या ट्रेमध्ये ११० जॉब, त्यातले १०० चांगले. तपासणारा माणूस चार दिवस प्रत्येक जॉब निरखून बघतो, पाचव्या दिवसापासून सगळे 'ओके' करून परत लाईनवर टाकायला लागतो, आणि त्यात खरे खराब जॉबही जातात. म्हणून टक्केवारी बघून मॉडेल विकत घेऊ नका. आपल्याकडे खराब जॉबचं प्रमाण किती, चुकून फेकलेल्यांचं काय करणार, ते पुन्हा कोण तपासणार, हे आधी लिहून काढा. दुसरं, मॉडेलला शिकवायला खराब नमुने लागतात आणि चांगल्या लाईनवर तेच कमी असतात. खराब जॉब भंगारात टाकण्याआधी त्याचा फोटो आणि कारण नोंदवायची सवय आजपासून लावलीत तर पुढे हाच सगळ्यात मोलाचा डेटा ठरेल.

रोबोंकडे वळतो. जपानी संशोधक साकिची टोयोडा यांचा १९२४ चा टाइप जी माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणून एका कामगाराला अनेक मागांकडे लक्ष देता आलं. ऑटोमेशनचं मूल्य इथे आहे: बिघडलं की स्वतः थांबणाऱ्या यंत्राजवळ माणसाला डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागत नाही. रोबो सेल (रोबो आणि त्याच्या भोवतीची यंत्रं मिळून झालेली जागा) बनवताना 'रोबो काय करेल' यावर महिनाभर चर्चा होते आणि 'जॉब नीट बसला नाही हे त्याला कळेल कसं' यावर तासभरही होत नाही. ग्रिपरमध्ये (रोबोच्या पंजात) जॉब आहे की नाही, फिक्स्चरवर (जॉब बसवायच्या साच्यावर) तो टेकला की नाही, आधीचा जॉब लेथच्या चकमधून (पकडीतून) निघाला की नाही, यासाठी लागणारे प्रॉक्झिमिटी (वस्तू जवळ आली हे ओळखणारे) आणि एअर-गॅप (हवेच्या दाबाने फट ओळखणारे) सेन्सर हे सेलचं निम्मं काम समजा.

सगळंच ऑटोमेट करण्याचा हट्ट मोठमोठ्यांनाही महागात पडला आहे. टेस्लाने मॉडेल ३ च्या वेळी कन्व्हेयरचं गुंतागुंतीचं जाळं उभं केलं, ते काढून टाकावं लागलं आणि अतिऑटोमेशन ही चूक होती असं इलॉन मस्क यांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे लिहिलं. बोइंगने ७७७ विमानाच्या सांगाड्याचे रिव्हेट मारायला आणलेली रोबोंची पद्धत २०१९ मध्ये सोडली आणि कुशल मेकॅनिक व सोप्या ड्रिलिंग यंत्रांची सांगड घातली. आदिदासने जर्मनी आणि अमेरिकेतले रोबोंवर चालणारे दोन बूट-कारखाने बंद करत असल्याचं त्याच वर्षी सांगितलं. या कंपन्यांकडे पैसा आणि अभियंते कमी नव्हते. माणसाचा हात वाकडं भोक, लवचीक कापड, किंचित फिरलेली वायर सहज सांभाळून घेतो, रोबोला तेच शिकवणं फार अवघड जातं. जिथे भाग कडक आहे, एकसारखा येतो आणि काम दिवसभर तेच आहे, तिथे रोबो लावा. वेल्डिंग, रंगकाम, डाय कास्टिंगसारख्या तापत्या-धुराच्या जागी तर माणसाच्या आरोग्यासाठीच लावा, तिथे फक्त पैशांत हिशोब करू नका.

कोबोटला (माणसाशेजारी काम करायला बनवलेल्या रोबोला) कुंपण लागत नाही, असं विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. माणसाच्या शरीराला किती जोराचा स्पर्श सहन होतो याच्या मर्यादा आयएसओ टीएस १५०६६ या आंतरराष्ट्रीय नियमावलीत २०१६ साली आल्या, पण त्या अख्ख्या कामाला लागू होतात. रोबोचा हात मऊ आणि हळू असला तरी ग्रिपरमध्ये धारदार पत्रा असेल तर तो सेल सुरक्षित नाही. जोखमीचा अभ्यास जॉबसकट करायचा असतो.

डिजिटल ट्विनबद्दल, म्हणजे यंत्राच्या किंवा लाईनच्या संगणकातल्या प्रतिकृतीबद्दल, थोडक्यात: नवी लाईन उभारण्याआधी तिचा पीएलसी प्रोग्रॅम संगणकातल्या लाईनवर चालवून बघणं हा त्याचा सर्वांत उपयोगी प्रकार आहे. यात जागेवरचे अनेक दिवस वाचतात आणि सिलिंडर कशाला तरी आदळण्याआधीच चूक सापडते. थ्रीडी प्रिंटिंगचं सांगायचं तर जीई कंपनीने विमानाच्या लीप इंजिनाच्या इंधन नोझलमध्ये जवळपास २० भागांच्या जागी एकच छापलेला भाग आणला आणि वजनही सुमारे २५ टक्क्यांनी घटलं. तुमच्यासारख्या मशीन शॉपमध्ये मात्र त्याचा पहिला उपयोग सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे), गेज आणि ग्रिपरची बोटं छापण्यासाठी होईल, आणि तोही कमी महत्त्वाचा नाही.

एक विषय लोक टाळतात, तो सुरक्षेचा. मशीन नेटवर्कला जोडली की ती बाहेरच्या जगालाही जोडली जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत नवं यंत्र बसवताना व्हायरसची तपासणी राहून गेली आणि वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या एका प्रकाराने त्यांची चिप बनवणारी यंत्रं बंद पाडली. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला. त्यांनी खंडणी दिली नाही, कारखाने शक्य तिथे हाताने चालवले आणि बॅकअपवरून यंत्रणा पुन्हा उभी केली. हाताने चालवता आलं कारण ते जाणणारी माणसं अजून होती. लहान कारखान्याने किमान एवढं करावं: मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा, बाहेरून सर्व्हिससाठी येणारी जोडणी काम झालं की बंद करा, प्रत्येक पीएलसी, एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) आणि सीएनसीच्या पॅरामीटरचा बॅकअप नेटवर्कच्या बाहेर ठेवा, आणि तो परत चढवून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

जुनी यंत्रं काढायची का? नाही. यंत्राचा पाया, स्लाइड आणि स्पिंडल चांगले असतील तर त्याला माहिती द्यायला शिकवणं सोपं आहे. करंट सेन्सर, सायकल मोजणारा एक प्रॉक्झिमिटी सेन्सर आणि थांबण्याची कारणं नोंदवायला आठ-दहा बटणं. याहून जास्त कारणं ठेवलीत तर सगळे 'इतर' हेच बटण दाबतात. ही सगळी जोडाजोड आधी एकाच मशीनवर करा, ज्याच्यापुढे माल साचून राहतो त्या मशीनवर. तिथला आठवड्याचा डेटा आला की शिफ्टच्या सुरुवातीला मशीनपाशीच दहा मिनिटं उभं राहून कालचं सर्वांत मोठं एक कारण घ्या, ते कोण आणि कधीपर्यंत सोडवणार ते ठरवा. इन्सर्ट बदलायचा किंवा लाईन थांबवायची परवानगी त्या माणसाला त्याच जागी असू द्या. ही सवय रुळेपर्यंत दुसरं मशीन जोडू नका.

नवं यंत्र घेताना मात्र ऑर्डरमध्येच काही गोष्टी लिहून घ्या. ओपीसी यूए, एमटीकनेक्ट किंवा निदान मॉडबससारख्या खुल्या पद्धतीने डेटा मिळाला पाहिजे. पीएलसीचा मूळ प्रोग्रॅम, त्यातल्या टिपांसकट आणि पासवर्डसकट, आपल्या ताब्यात यायला हवा. डेटाची मालकी आपली हवी. यंत्र आल्यावर हे मागितलं तर वेगळं बिल येतं किंवा नकार येतो, आणि एका टायमरची किंमत बदलायलाही दर वेळी बाहेरचा इंजिनिअर बोलवावा लागतो.

आता माणसांबद्दल. गोलगोल बोलणार नाही. जॉब चढवणं-उतरवणं, डोळ्यांनी सलग तपासणी, आकडे लिहून काढणं ही कामं कमी होणार. सेटर, मेन्टेनन्सचा इलेक्ट्रिशियन, रोबो आणि पीएलसी सांभाळणारा, डेटा वाचून प्रक्रिया सुधारणारा यांची गरज वाढणार. पण पहिल्या कामातला माणूस आपोआप दुसऱ्या कामात जात नाही. त्याला शिकायला वेळ, पगारासकट, मिळावा लागतो आणि तो खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीशेजारी लिहावा लागतो. वेगळा 'नंतर बघू' म्हणून ठेवला की तो कधीच होत नाही. ऑटोमेशनने वाढलेल्या उत्पादनातला वाटा त्या लाईनवरच्या लोकांना मिळाला नाही तर पुढच्या वेळी चिप्सची अडचण तुम्हाला कोणी सांगणार नाही, आणि ते चूक आहेत असं मला म्हणता येणार नाही.

आणखी एक धोका आहे. यंत्रणा जितकी चांगली, तितकं माणसाला हाताने काम करायचे प्रसंग कमी, आणि ती बंद पडते तेव्हा नेमकं त्याच माणसाने सर्वांत अवघड काम करावं ही अपेक्षा. टोयोटाने याच कारणाने जपानमधल्या आपल्या कारखान्यांत काही कामं रोबोकडून काढून पुन्हा माणसांच्या हाती दिली. हाताने काम करताना साहित्य कुठे वाया जातं ते त्यांना दिसलं, आणि तो शहाणपणा पुन्हा यंत्रांत घालता आला. तुमच्याकडेही महिन्यातून एखादी शिफ्ट हाताने सेटिंग करायला ठेवा, नव्या मुलांना त्यात उभं करा.

म्हणूनच तुमच्या जुन्या सेटर आणि ऑपरेटरना प्रकल्पात यंत्राची ऑर्डर देण्याआधी बसवा, यंत्र आल्यावर नव्हे. कुठल्या जॉबला कुठला आवाज आला की इन्सर्ट जातो, पहाटे मशीन थंड असताना पहिले किती जॉब बाजूला ठेवायचे, कुठल्या लॉटचा माल कडक निघतो आणि तो कसा ओळखायचा, हे त्यांच्याकडून ऐकून, शक्य तिथे व्हिडिओ करून, त्यांच्या नावासकट नोंदवून ठेवा. अलार्मची मर्यादा आणि ऑफसेटचा नियम ठरवताना त्याच नोंदी समोर घ्या. आणि स्क्रीनवरचा मजकूर अंतिम करण्याआधी त्यांच्यापैकी एकाला तो मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तो अडखळेल, तिथे शब्द बदला.